ससा सोपा नाही

‘कुत्रा नको, फिरवायला कोण नेणार? मांजर नको, ते दिवसभर बाहेर भटकणार. मग ससा आणू या.’ शहरातल्या कितीतरी घरांत हा निर्णय असा जेवणाच्या ताटावर, दोन मिनिटांत होतो. मुलाचा वाढदिवस तोंडावर आलेला असतो, सोसायटीत कुत्र्यांवरून आधीच वाद चाललेले असतात आणि बाजारात मुठीएवढे पांढरेशुभ्र पिल्लू काही शे रुपयांत मिळत असते. विकणारा सांगतो, ‘याचं काही करावं लागत नाही. गाजर टाका, कोबीचा पाला टाका, पिंजरा पुसून घ्या. पाणी जास्त देऊ नका.’ एवढ्या सूचनांवर पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येते. प्राणी पाळण्याची सुरुवात करायची तर ससा सर्वांत सोपा, हे मत आपल्याकडे इतके रुजले आहे की ते तपासून पाहावे असेही कोणाला वाटत नाही. ते तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो अगदीच निराधार नाही. त्याला तीन आधार आहेत. पहिला, ससा शांत असतो; ओरडत नाही, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. दुसरा, गावाकडचा अनुभव. ‘आमच्या वाड्यात ससे होते, त्यांचे कोणी काही केले नाही, तरी वाढले.’ तिसरा आधार व्यवसायाचा. ससेपालनाच्या शेडमध्ये शेकडो ससे जाळीच्या पिंजऱ्यात तयार गोळीखाद्यावर वाढतात. मग घरातल्या एकट्या सशाचे एवढे कौतुक कशाला? तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

शांतपणापासून सुरुवात करू, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. ससा हा दुसऱ्यांचे भक्ष्य होणारा प्राणी. कळपात जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची झडप आधी पडते, म्हणून दुखणे लपवण्याची सवय या जातीत खोलवर मुरली आहे. कुत्रा दुखले की केकाटतो, मांजर गुरगुरते. ससा कोपऱ्यात अंग आखडून बसतो. घरातल्यांना वाटते, आज किती शहाण्यासारखा बसला आहे! प्रत्यक्षात त्याचे पोट गच्च झालेले असते, डोळे अर्धे मिटलेले असतात आणि तो वेदनेने दात करकर चावत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला आढळतो आणि ‘काल तर चांगला होता’ असे सगळे म्हणतात. तो काल चांगला नव्हता. ससा त्रास दाखवत नाही, याचा अर्थ आपण त्याला त्रास नसतो असा लावतो. जो प्राणी स्वतःहून काही सांगत नाही, त्याच्याकडे लक्ष जास्त द्यावे लागते. म्हणून नवख्या माणसाला तो सोपा न ठरता अवघडच जातो.

आता गावाकडचा अनुभव. वाड्यातले ते ससे मातीवर धावत होते, परसातले हिरवे गवत दिवसभर कुरतडत होते, भिंतीच्या गारव्याला बिळे करत होते. त्यांच्या गरजा भागत होत्या, फक्त त्या भागवणारा कोणी माणूस नव्हता. शिवाय त्यांतले किती मेले याचा हिशेब कोणाकडे नसतो. सशाचे गरोदरपण साधारण ३० ते ३२ दिवसांचे असते आणि मादी व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. चार गेले तरी आठ दिसत राहतात. कळप टिकला, पण त्यातला प्रत्येक ससा जगला असे त्यावरून म्हणता येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, फरशीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या एकुलत्या पिल्लाला यातले काहीच मिळत नाही.

याच अनुभवातून आणखी एक चूक होते. शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू ‘आई सोडून गेली’ म्हणून घरी आणले जाते. आपल्या माळावरचा ससा, म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस, आणि बाजारात मिळणारा, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस हे दोन वेगळे प्राणी आहेत. बाजारातल्या सशाचे पिल्लू उघडे-नागडे, डोळे मिटलेले जन्मते. सुमारे दहाव्या दिवशी त्याचे डोळे उघडतात. रानसशाचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच उघड्यावर जन्मते. आई दिवसभर मुद्दाम दूर राहते, म्हणजे तिच्या वासावर शिकारी पिल्लापर्यंत पोचत नाहीत, आणि अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. एकटे दिसणारे ते पिल्लू अनाथ नसते. त्याला उचलल्याने ते बहुधा मरते, आणि रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येत असल्यामुळे तो पाळणे हा गुन्हाही आहे.

तिसरा आधार शेडचा. मांसासाठी वाढवलेला ससा साधारण १० ते १३ आठवड्यांत, दोनेक किलो वजनाचा झाला की कापला जातो. जाळीचा तळ, गोळीखाद्य, अरुंद पिंजरा ही सगळी व्यवस्था त्या तीन महिन्यांच्या हिशेबाने बेतलेली आहे. तेवढ्या काळात दात वाढून वाकडे होत नाहीत, पायांच्या जखमा हाडापर्यंत जात नाहीत, यकृतावर चरबी चढून जीव जात नाही. घरातला ससा नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षे जगतो. ‘सशाचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे’ असे जे सांगितले जाते, ते या जातीच्या आयुष्याचे माप नसून आपल्या सांभाळण्याचे माप आहे.

आहाराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तिथेच सर्वांत जास्त घोटाळा आहे. १९४० साली पडद्यावर आलेल्या बग्ज बनी या अमेरिकी कार्टूनने सशाच्या हाती गाजर दिले आणि आपल्या बालवाडीच्या तक्त्यांवरही ते येऊन बसले. गाजर हे मूळ आहे, त्यात साखर भरपूर आणि तंतू कमी. सशाच्या शरीराची रचना याच्या नेमकी उलट अन्नासाठी झाली आहे. त्याच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी सिकम नावाची मोठी पिशवी असते. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव गवताचे विघटन करतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या ससा गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट गिळतो. त्यांतून त्याला प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे मिळतात. नवखा मालक हे पाहून किळसतो आणि त्याला ओरडतो. ही घाणेरडी सवय नव्हे, हा त्याच्या जेवणाचाच भाग आहे. लांब, राठ तंतू पोटात सतत जात राहिले तरच हे आतडे हलते राहते. साखर आणि पिठूळ पदार्थ गेले की तिथले सूक्ष्मजीव बदलतात, वायू धरतो, आतडे थंडावते. सशाला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेले परत काढण्याची वाटच नसते. ससा बारा तास काही खात नसेल आणि लेंड्या बंद झाल्या असतील, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. तत्काळ पशुवैद्याकडे न्यावा.

दातांचेही तसेच. सशाचे सगळे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. वरच्या पुढच्या दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात असतात. अशाच फरकांमुळे १९१२ साली गिडली या शास्त्रज्ञाने सशांना उंदीर-खारींच्या गणातून काढून स्वतंत्र गणात ठेवले. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा झिजतात. पोळीचा तुकडा, बिस्किट, भिजवलेली डाळ यांनी त्या झिजत नाहीत. मग दाढांना टोके येतात, ती जिभेत आणि गालात रुततात, ससा खाणे सोडतो. लोक म्हणतात, ‘नखरे करतो.’

म्हणून सशाचे मुख्य अन्न गवत, आणि तेही दिवसाचे चोवीस तास पुढ्यात. एकूण आहारात चार-पंचमांशाहून अधिक वाटा गवताचा असावा. परदेशी टिमोथी गवत महाग पडते म्हणून खचण्याचे कारण नाही. फुलबाजारात मिळणारी दूर्वा सशाला उत्तम चालते, फक्त ती औषधफवारणीची नको आणि स्वच्छ धुतलेली हवी. सुकलेले मारवेल, ओटचे गवत चालते. भाताचा पेंढा अंथरायला बरा, पण निव्वळ त्यावर ससा पोसता येत नाही. लसूणघास (हिचा लसणाशी संबंध नाही) प्रथिने आणि कॅल्शियमने समृद्ध असते, म्हणून वाढत्या पिल्लाला ती द्यावी. सहा-सात महिन्यांनंतर मात्र हळूहळू बंद करावी. सशाचे शरीर अन्नातले जवळजवळ सगळे कॅल्शियम शोषते आणि जास्तीचे लघवीतून टाकते. मोठ्या सशात त्याचा गाळ मूत्राशयात साचतो. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला रोज थोडा द्यावा. गाजराचा तुकडा कधीतरी खाऊ म्हणून. कांदा, लसूण, चॉकलेट, भात, पोळी कधीही नको. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत गवताला बुरशी लवकर धरते. वास आलेले गवत टाकून द्यावे, काटकसर करू नये.

‘पाणी दिले की ससा मरतो’ ही समजूत तर घातकच आहे. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते, आणि सुके गवत खाणाऱ्याला त्याहून कमी देऊन चालतच नाही. जड बुडाच्या वाडग्यात ताजे पाणी सतत हवे.

पिल्लाच्या बाबतीत हे सारे दुप्पट काटेकोरपणे पाळावे लागते. मादी पिल्लांना दिवसात एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटेच पाजते. पण ते दूध गाईच्या दुधाच्या कैकपट दाट असते. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात आम्लता कमी असते. दूध सुटता सुटता ती वाढत जाते आणि आतड्यात सूक्ष्मजीवांची नवी वसाहत बसते. नेमक्या याच नाजूक काळात, चार-पाच आठवड्यांचे असताना, ‘छोटे छान दिसते’ म्हणून पिल्लू विकले जाते. प्रवास, भीती, नवे अन्न आणि आईपासून ताटातूट हे सगळे एकदम घडते. हगवण लागते, कॉक्सिडिया नावाचे परजीवी डोके वर काढतात आणि आठ-दहा दिवसांत खेळ संपतो. पिल्लू किमान आठ आठवड्यांचे असावे. आधी ते जे खात होते तेच पहिल्या आठवड्यात चालू ठेवावे, आणि नवा पाला एकेक करून, चिमूटभर देऊन पाहावा. गाईचे दूध पाजू नये.

आता मुलांच्या खेळण्याचा मुद्दा. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या अवघा ७-८ टक्के असतो, मांजराचा १२-१३ टक्के. हाडे हलकी आणि मागच्या पायांत मात्र प्रचंड ताकद. उचललेला ससा घाबरून मागचे पाय झाडतो तेव्हा स्वतःच्याच जोराने त्याचा कणा मोडू शकतो आणि मागचा भाग कायमचा लुळा पडतो. कान धरून उचलणे तर निव्वळ क्रौर्य आहे. वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटतो. एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली घेऊन, अंगाशी धरून मोठ्या माणसाने उचलावे. मुलाने जमिनीवर बसावे आणि ससा आपण होऊन जवळ येईल याची वाट पाहावी. हा धीर सहा वर्षांच्या मुलाकडून मागणे रास्त नाही. म्हणून ‘मुलासाठी ससा’ असे काही नसते. ससा घरातल्या मोठ्यांचा असतो, मूल त्याला मदत करते.

पिंजऱ्याबद्दल ब्रिटनमधील सशांच्या कल्याणासाठी काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सुचवते. आपल्या फ्लॅटमध्ये एवढी जागा वेगळी काढणे कठीण. पण खोलीचा कोपरा कुंपण घालून देता येतो आणि दिवसातून काही तास मोकळे सोडता येते. ससा ठरावीक जागी शी-शू करायला सहज शिकतो, हे पुष्कळांना माहीत नसते. त्याच्या तळपायांना कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, फक्त केस असतात. जाळीवर किंवा गुळगुळीत फरशीवर त्यांना जखमा होतात. चटई, गोणपाट, जाड सतरंजी काहीही अंथरा. विजेच्या तारा मात्र त्याच्या दातांपासून दूर ठेवा. त्याला अंघोळ घालू नये. भिजलेला ससा थंडीने आणि भीतीने दगावू शकतो. उन्हाळ्यात उलटी काळजी. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला कानच काय ते. १५ ते २० अंश त्याला मानवते. तीस अंशांपुढे धोका सुरू होतो. विदर्भ-खानदेशात कूलर आणि वाळ्याचे पडदे हवेत. कोकणच्या दमट हवेत कूलरचा उपयोग नाही, तिथे पंखा, थंड फरशीचा तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली कामी येते.

आजारपणात तर ‘सोपा’ हा शब्दच गळून पडतो. आपले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्रा-मांजरांच्या उपचारांत तरबेज असतात. सशाचे औषध ही निराळी विद्या आहे. मुलांना सर्रास दिले जाणारे अमोक्सिसिलिनचे सिरप सशाच्या तोंडात गेले तर आतड्यातले उपयुक्त जीव मरून विषारी जंतू माजतात आणि ससा दगावतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात ते फिप्रोनिलही सशाला घातक आहे. शस्त्रक्रियेआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात, सशाला ठेवू नये. ज्या डॉक्टरांना या तीन गोष्टी ठाऊक आहेत, ते डॉक्टर ससा आणण्याआधी शोधावेत.

‘जोडी घ्या’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे. ससा संगतीने राहणारा प्राणी आहे, एकटेपणा त्याला मानवत नाही. पण लहान पिल्लात नर-मादी ओळखणे अवघड असते आणि चार-पाच महिन्यांतच ती वयात येतात. जोडी ठेवायची तर नसबंदी करावीच लागते. मादीच्या बाबतीत नसबंदीचे आणखी एक कारण आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. जुन्या अभ्यासांत, काही जातींच्या चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये तो निम्म्याहून अधिक दिसला आहे.

यावर एक आक्षेप येईल: मग ससा पाळूच नये काय? काही प्राणिप्रेमी तसे म्हणतातही. मला ते टोक मान्य नाही. पाळीव ससा शेकडो वर्षे माणसाच्या सोबतीने वाढला आहे, त्याला रानात सोडणे म्हणजे मरणाच्या दारात सोडणे. आणि नीट सांभाळलेला ससा घराला खूप काही देतो. तो हाक ओळखतो, संध्याकाळी वेळेवर दाराशी येतो, आनंद झाला की हवेत उडी मारून अंग पिळतो, धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर आपटतो, विश्वास बसला की पायाशी अंग पसरून झोपतो. आपला पक्ष एवढाच की ही सोबत फुकट मिळत नाही. रोज पाऊण-एक तास, सतत गवत, मोकळी जागा, जाणता डॉक्टर आणि दहा वर्षांची तयारी, एवढी तिची किंमत आहे. ज्याला ती परवडते त्याने ससा जरूर पाळावा. ज्याला ‘काही करावं लागत नाही’ असा प्राणी हवा आहे, त्याने कोणताच प्राणी पाळू नये.

कायद्याने पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ पासून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक केली आहे. पण नोंदणीपत्र पिल्लाचे पोट सांभाळत नाही, ते काम घेणाऱ्याचेच असते. म्हणून वाचकांना एवढीच विनंती: क्रम उलटा करा. आधी बारा महिने गवत कुठून मिळेल ते पाहा, मग सशावर उपचार करणारा पशुवैद्य गाठा, मग घरातली जागा आखा, आणि सुटीत गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळेल ते ठरवा. या चारही प्रश्नांची उत्तरे हाती आली, तरच पिल्लू घरी आणा. वाढदिवस तोवर पुस्तकावर किंवा सायकलवर साजरा करा.